‘आमच्या’ आठवणी आणि ‘माझा’ झोका

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या पेठेतल्या बायका जमल्या होत्या. वाटली डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं यथासांग चाललेलं. आणि चार बायका जमल्या की विषय टीव्हीवर यायचाच. कुणीतरी म्हणालं, ‘‘हल्लीच्या मालिका काय बघायच्या गं! पूर्वी कशा पुस्तकांवरच्या असायच्या. ‘स्वामी’ आठवतीय?’’

झालं! पन्ह्याचे पेले हातात तसेच राहिले आणि वादाला तोंड फुटलं.

आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळ्या त्यांना ‘बाई’च म्हणतो, त्या ठामपणे म्हणाल्या, ‘‘पुस्तकाची सर मालिकेला कधी येत नाही. एकदा पुस्तक वाचलं असलं, की मालिका बघवत नाही.’’ त्यावर शेजारची नवी सून म्हणाली, ‘‘पण बाई, ज्यांनी पुस्तक वाचलंच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी मालिका हेच पुस्तक की!’’ तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आक्का हळूच म्हणाल्या, ‘‘आगं, त्या ‘उंच माझा झोका’तल्या रमेचं पुस्तकबी हाय व्हय?’’

आक्कांची साठी उलटलीय. शाळा चौथीपर्यंत. सही करतात, देवाच्या पोथीतली ठळक अक्षरं लावून वाचतात. २०१२ साली ती मालिका त्यांनी एकही दिवस न चुकवता पाहिली होती. रमेचं पुस्तक आहे, आणि ते तिनं स्वतःच लिहिलंय, हे मात्र त्यांना त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्यात मग हा विषय घोळत राहिला. मैत्रिणींनो, आपण सगळ्याच हे बोलतो ना, ‘पुस्तकात असं नव्हतं हं!’ ही तक्रार खरी असते की नुसती सवय?

‘स्वामी’चंच घ्या. रणजित देसाई आपल्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘स्वामी’ आली १९६२ साली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेली मालिका लागली, तेव्हा मी फार लहान होते. पण आई सांगते, गल्लीत दोनच टीव्ही होते आणि ‘स्वामी’च्या दिवशी बसायला सतरंज्या अंथरल्या जायच्या. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी, यांची रमा. गो. नी. दांडेकरांची ही नात, शाळकरी वयातली, आणि घराघरातल्या बायकांनी तिला आपली सूनच करून टाकलं होतं. आई म्हणते, ‘‘मी पुस्तक आधीच वाचलं होतं. मला वाटलेलं, माझी रमा काही अशी नव्हती. पण चार भाग झाले आणि माझी रमा कशी होती तेच आठवेना!’’

किती खरं आहे हे! पडदा आपल्या मनातला चेहरा पुसून टाकतो आणि त्या जागी आपला चेहरा बसवतो. वाचणारीचा राग असतो तो याचाच.

पण आता याची दुसरी बाजू बघा. रमाबाई पेशव्यांबद्दल इतिहासाच्या कागदांत आहेच किती? माधवराव १७७२ साली थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यांचं हसणं, रुसणं, नवऱ्याची वाट पाहणं हे देसाईंच्या लेखणीनं दिलेलं. म्हणजे कादंबरीकारानंही इतिहासात आपल्या मनाची भर घातली. ते आपण मोठ्या मनानं मान्य करतो. मग मालिकावाल्यानं कादंबरीत दोन प्रसंग वाढवले, की आपण भुवया का उंचावतो? हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘देसाईंनी घातलेली भर त्या माणसांना जवळ आणणारी आहे. भर घातली म्हणून राग नाही गं, कशासाठी घातली ते बघायचं.’’ वादात हरत नाहीत आमच्या बाई, पण मुद्दा बिनतोड होता.

आणखी एक गंमत. आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. ती वाचलेल्या बायकांनी १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ पाहिलं ते कर्णाकडे डोळे लावून. ते ‘मृत्युंजय’वर बेतलेलं नव्हतंच. तरीही कित्येकजणी म्हणायच्या, ‘‘आमचा कर्ण कुठाय यात?’’ कारण ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते. खांडेकरांच्या ‘ययाति’तही ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू आपल्याच तोंडानं सांगतात. पुस्तकातलं माणूस ‘मी’ म्हणत आपल्या कानाशी येऊन बोलतं. कॅमेरा मात्र माणसाकडे बाहेरून बघतो. मनातलं दाखवायचं तर डोळे भरून आणायचे, नाहीतर मागे बासरी वाजवायची. हे दिग्दर्शकाचं पाप नव्हे, माध्यमच तसं आहे.

आणि जे पुस्तक आपण वाचलेलंच नसतं, त्याबद्दल आपली तक्रारही नसते! १९८७ च्या सुमारास अमोल पालेकरांची ‘कच्ची धूप’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर होती. आपल्या शेजारच्या सांगलीच्या पटवर्धन राजघराण्यातली भाग्यश्री त्यात होती, म्हणून आपल्याकडे तिचं कोण कौतुक! ती मालिका लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या ‘लिटल वुमेन’वर बेतलेली होती, हे कितीजणींना माहीत होतं? शान्ता शेळक्यांची ‘चौघीजणी’ ज्यांनी वाचली होती त्यांनी लगेच ओळखलं, आणि ‘पुस्तकात असं नव्हतं’ त्याच म्हणाल्या. बाकीच्या मजेत बघत राहिल्या. तसंच ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’चं. राजदत्तांनी केलेली ती मालिका पाहूनच माझ्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी पुस्तक मागून घेतलं. म्हणजे मालिका पुस्तकाला मारतेच असं नाही, कधी कधी ती पुस्तकाचं दारही उघडते.

पण तेव्हाच्या आणि नंतरच्या मालिकांत एक मोठा फरक आहे. दूरदर्शनची मालिका आठवड्यातून एकदा यायची, आणि मोजके भाग झाले की संपायची. खासगी वाहिन्या आल्या आणि मालिका रोजची झाली. रोज वीस-बावीस मिनिटं, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी उद्या बघायला लावेल असं काहीतरी. दोनशे-तीनशे पानांच्या पुस्तकात रोज रोज पुरेल एवढं भांडण कुठून असणार? मग ते आणावं लागतं. आणि घरातली गोष्ट असली की भांडण आणायला सगळ्यात सोपी जागा कुठली, हे का मी सांगायला हवं? सासू, नणंद, नाहीतर काकू!

आक्कांच्या प्रश्नावरून मी ठरवलं, की दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत तासभर हे पुस्तक मोठ्यानं वाचायचं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून आपल्या गावात उभं आहे, तिथून पुस्तक आणलं. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० चं. पहिल्या गुरुवारी आठजणी आल्या, दुसऱ्या गुरुवारी चौदा. वाचायला आक्कांची सून. तिचा आवाज मोकळा आणि उच्चार स्वच्छ, म्हणून सगळ्यांनी तिलाच बसवलं.

पहिल्याच दिवशी बायकांना कळलं, की ही गोष्ट काही लांबची नव्हे. रमाबाई कुर्लेकरांच्या. माहेर देवराष्ट्रे, म्हणजे सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांचा जन्म जिथं झाला तेच गाव. जन्म १८६२ चा. न्यायमूर्ती रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत, न्यायमूर्तींचं बालपण आणि सुरुवातीचं शिक्षण इथलंच. ‘‘म्हंजे आपल्याच गावची सून की ही!’’ आक्का खूश. १८७३ साली लग्न झालं तेव्हा रमा अकरा वर्षांची आणि रानडे तिशी ओलांडलेले, पहिली बायको त्याच साली गेलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. आणि लग्न होताच तिला शिकवायला घेतलं. हा गुंता पुस्तकात जसाच्या तसा आहे.

बायका ऐकता ऐकता मालिकेशी ताडून बघत होत्या. ‘‘ती तेजश्री वालावलकर छोटी रमा झालेली, किती गोड!’’ ‘‘आणि मोठी झाल्यावर स्पृहा जोशी.’’ ‘‘विक्रम गायकवाड रानडे म्हणून शोभला हं.’’ वीरेन प्रधानांच्या या मालिकेनं वर्षभराहून जास्त काळ घराघरात रानड्यांचा वाडा उभा केला होता. मालिका आवडली नव्हती असं म्हणणारी एकही नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी एकीनं विचारलं, ‘‘अहो, ही बाई स्वतःबद्दल बोलत का नाही? सारखं आपलं नवऱ्याचंच सांगतीय.’’

मला हा प्रश्न फार आवडला. खरंच, रमाबाईंनी पुस्तक लिहिलं ते नवरा गेल्यानंतर, नवऱ्याच्या आठवणी म्हणून. पुस्तकाच्या नावात ‘आमच्या’ आहे. मालिकेच्या नावात मात्र ‘माझा’ आहे, ‘उंच माझा झोका’! पुस्तकात रमाबाई दाराच्या चौकटीशी उभ्या राहून आतल्या मोठ्या माणसाकडे बोट दाखवतात. मालिकेनं कॅमेरा वळवला तो चौकटीशी उभ्या असलेल्या बाईकडे. हा बदल पुस्तकाला धरून नाही, पण मला तो चुकीचाही वाटत नाही. शंभर वर्षांनी आपल्याला त्या बाईचीच गोष्ट ऐकायची होती. बाईंनीसुद्धा मान डोलावली, आणि बाईंची मान सहजी डोलत नाही.

मधल्या एका गुरुवारी वाचन बाजूलाच राहिलं आणि वाद रंगला तो ‘आनंदी गोपाळ’वरून. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ ची. तिच्यावर कमलाकर सारंगांनी दूरदर्शनसाठी हिंदी मालिका केली होती आणि २०१९ साली समीर विद्वांसांचा चित्रपट आला. टीव्हीवर लागला तेव्हा आमच्यातल्या बहुतेकींनी पाहिलेला. आनंदीबाई डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतल्या त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जबाबदारी घ्यायला. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे. पण कामावर रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एकवीस. एकजण म्हणाली, ‘‘चित्रपटातला गोपाळराव रागीट आहे, पण शेवटी त्याचं कौतुकच वाटतं. पुस्तकातल्या गोपाळरावाची मला भीती वाटली होती.’’ दुसरी म्हणाली, ‘‘अगं, भीती वाटली असती तर लोक शेवटपर्यंत बसले असते का?’’ त्यावर पहिली जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवलंय : ‘‘आपल्याला शिकवणाऱ्याचे उपकार मानायचे आणि त्यानं मारलेलं विसरायचं, हे आपण घरात करतोच की. निदान पुस्तकात तरी नको.’’

आणि मग तो गुरुवार आला, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहिते आहे.

रमाबाई शिकत होत्या ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पसंत नव्हतं, हे सगळ्यांना मालिकेवरून ठाऊक होतं. पुढं पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी सभा झाली, तिथं त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं, तेव्हा घरी काय काय ऐकावं लागलं तेही त्यांनी लिहिलंय. पण आक्कांची सून त्या दिवशी वाचत होती तो भाग अगदी साधा. त्यात आदळआपट नाही, कटकारस्थान नाही. घरातल्या बायका रमेला समजावतात, इतकंच. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की पुरुष सांगतील ते सगळं लगेच मनावर घ्यायचं नसतं. नाही म्हणू नये, पण करूही नये. थोडं कानाआड केलं की ते आपणच नाद सोडतात. म्हणजे गोड बोलून, मायेनं सांगितलेलं शहाणपण.

वाचता वाचता सुनेचा आवाज थांबला. आम्हाला वाटलं पान उलटतेय. तिनं पान उलटलं नाही. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

मग आक्का बोलल्या. ‘‘टीव्हीवरच्या सासवा बघताना मला वाटायचं, मी काय अशी न्हाई. मी कवा आवाज चढवला न्हाई, कवा उपाशी ठेवलं न्हाई. पुस्तकातली ऐकली आन् कळलं. मी तशीच हुते.’’

त्यामागची गोष्ट मग हळूहळू कळली. ही सून लग्न होऊन आली तेव्हा बी.ए.ची दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलेलं. तिनं विचारलं होतं. आक्का नाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या होत्या, ‘‘भर की फॉर्म, पर ह्या वर्सी नगं. जरा घरात रूळ.’’ पुढच्या वर्षी बाळंतपण. त्याच्या पुढच्या वर्षी दिराचं लग्न. मग सासऱ्यांचं दुखणं. दर वर्षी काहीतरी गोड कारण, आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्सी’. आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी सासू-सून शेजारी बसून ‘उंच माझा झोका’ बघत होत्या. रमेचं कौतुक करताना आक्कांचे डोळे भरून यायचे. सून सांगत होती, ‘‘मला वाटायचं, आता तरी यांच्या लक्षात येईल. रोज वाटायचं. मालिका संपली. मग मीच विचारायचं सोडून दिलं.’’

मैत्रिणींनो, त्या दुपारी ‘पुस्तक चांगलं की मालिका’ या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. मालिकेतलं वाईट माणूस इतकं ठळक रंगवतात, की ते बघून आपण सगळ्याजणी सुटतो. ती कपाळाला आठ्या घालणारी, दाराआडून ऐकणारी बाई म्हणजे मी नव्हेच, असं म्हणून आपण निवांत चहा पितो. पुस्तकातली बाई साधी असते, आपल्यासारखी. ती प्रेमानं बोलते आणि प्रेमानंच अडवते. तिच्यात आपल्याला आपला चेहरा दिसतो. पुस्तकाला धरून राहायचं म्हणजे दागिने आणि लुगडी त्या काळातली वापरायची एवढंच नव्हे. माणसांचा हा साधेपणा राखणं हे खरं पुस्तकाला धरून राहणं. एखादा प्रसंग मागेपुढे झाला तर माझी तक्रार नाही. साध्या माणसाची खलनायिका केली तर मात्र आहे. कारण मग बघणारीला त्यातून काही घेता येत नाही.

मालिकेचं श्रेय मात्र मी नाकारणार नाही. ती नसती तर आक्कांना रमा कोण हे कळलं नसतं, त्यांनी पुस्तकाचं विचारलं नसतं आणि आम्ही गुरुवारी जमलोच नसतो. इतक्या वर्षांपूर्वी पेरलेलं कुठल्या तरी चैत्रात उगवलं म्हणायचं. आणि मीसुद्धा कबूल करते. बी.ए.ला मराठी घेतलेली मी, ‘मालिका काय बघायच्या’ म्हणून नाक मुरडणारी. आक्कांची सून इतकी वर्षं मंडळात येत होती, हिशेबाची वही सुंदर अक्षरात लिहीत होती. ‘तुझं शिक्षण किती गं?’ हे मीही तिला कधी विचारलं नव्हतं. पुस्तकं वाचून माझ्या तरी काय लक्षात आलं होतं?

जूनमध्ये आक्का माझ्याकडे आल्या, पिशवीत सुनेची जुनी गुणपत्रकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. म्हणाल्या, ‘‘विद्यापीठात बाहेरून परीक्षा देता येतीय म्हनत्यात. एवढ्या वर्सांनी चालंल का, तेवढं इचारून दे.’’ आम्ही तिघी मिळून शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात जाऊन आलो. अभ्यासक्रम बदललाय, काही विषय पुन्हा द्यावे लागतील असं कळलं. सोपं नाहीये. घरात दोन मुलं, दुभतं जनावर, आणि सवय गेलेला हात. पण अर्ज भरला आहे.

आता गुरुवारी वाचायला दुसरी कुणी बसते, कारण आक्कांच्या सुनेला त्या वेळात अभ्यास असतो. परवा आक्का एकट्याच आल्या. पुस्तक हातात घेऊन, बोट ठेवत, अक्षर अक्षर लावत त्यांनी अर्धं पान वाचलं. वीस मिनिटं लागली.

कुणीही मध्ये बोललं नाही.